उडून जाणारं रक्त

छोट्या आला तेव्हा आई खिडकीशी बसून चष्मा पुसत होती. छोट्या म्हणजे माझा चुलतभाऊ. पन्नाशी उलटली, शर्टाची बटणं पोटाशी भांडायला लागली, तरी घरात तो छोट्याच. दारातूनच ओरडला, "काकू, पेपरात देण्यासारखी बातमी आहे! तुझं रक्त दुरुस्त झालं!"

आईने चष्मा डोळ्यांवर चढवला. "माझ्या रक्ताला काय झालंय? परवाच तर तपासून आणलं."

"ते नाही गं. बाबांच्या सिनेमातलं."

आईचा हात चष्म्याच्या काडीवरच राहिला. या घरात त्या सिनेमाचं नाव सहसा कुणी काढत नाही.

सिनेमा माझ्या काकांनी काढला होता. एकच. त्यांचा पासपोर्ट फोटो काढायचा स्टुडिओ होता आणि डोक्यात एक शिंपी होता. हा शिंपी दिवसा मापं घ्यायचा आणि रात्री त्याच मापांच्या माणसांना कात्रीने मारायचा. नाव 'अस्तर', कारण खुन्याचा मुखवटा कोटाच्या अस्तराचा शिवलेला होता. शिंपी झाले होते आमचे दातांचे डॉक्टर. त्यांना दोन पेशंटांच्या मध्येच काय तो वेळ मिळायचा, त्यामुळे प्रत्येक खुनाआधी ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात. दार एकच होतं, स्टुडिओचं, निळं, कडीखाली ओरखडा असलेलं. सिनेमातली सगळी माणसं वेगवेगळ्या घरांत राहतात आणि मरायच्या वेळी तेच दार उघडतात. एक प्रेत शिंकतं.

आणि रक्त उडून जातं.

ते रक्त आईने केलं होतं. आई शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. काका तिला म्हणाले, "वहिनी, नायिकेचा पांढरा शर्ट एकच आहे. तीनदा शॉट घ्यायचा तर तीनदा धुवायचा, वाळवायचा, इस्त्री करायची. न धुता निघणारं रक्त असतं का तुमच्या शास्त्रात?" आई म्हणाली, असतं. फिनॉल्फ्थॅलीन नावाचं द्रव्य आहे. एरवी बिनरंगाचं, पण त्यात अमोनिया घातला की गडद गुलाबी होतं. अमोनिया हवेत उडून गेला की रंगही जातो आणि कपडा कोरा राहतो. ओघळ हळू उतरावा म्हणून तिने थोडं ग्लिसरीन घातलं. प्रयोगशाळेच्या टेबलावर तिने हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शॉट संपून दिग्दर्शक चहा पिऊन येईपर्यंत डाग टिकत होता. काका खूश झाले. रंग राणी कलरचा होता, पण ते म्हणाले, भीती बसली की रंग कोण बघतंय.

पडद्यावर झालं ते असं. शेवटच्या प्रसंगात नायिका छातीत कात्री घेऊन पडते, शर्टावर गुलाबी डाग पसरतो, आणि शिंपी तिच्या उशाशी बसून बाहीच्या मापावर लांबलचक भाषण करतो. त्याचं भाषण अर्ध्यावर येईपर्यंत डाग फिका होतो, आणि शेवटच्या वाक्याला नायिका परीटघडीच्या शर्टात मरून पडलेली असते. अमोनियाने तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत असतं ते वेगळंच.

लोक खुर्च्यांवरून खाली पडले. काका आठवडाभर स्टुडिओ उघडू शकले नाहीत. आणि आईला शाळेत नाव पडलं, 'उडतं रक्त'. मुलांनी ठेवलं तर ठेवलं, पण शिक्षकांच्या खोलीतही चालू लागलं. पुढे प्रयोगशाळेचं प्रमुखपद भौतिकशास्त्राच्या सरांना दिलं. मुख्याध्यापक हसत म्हणाले, "बाई, तुमच्या हातात दिली तर प्रयोगशाळाही उडून जायची." आई घरी येऊन हे सांगताना त्यांच्या आवाजासकट सांगायची, आणि सांगून झालं की भांडी जरा जास्तच जोरात ठेवायची. त्यानंतर वर्गात हा रंगाचा प्रयोग तिने कधी केला नाही. पुस्तकात होता, तरी नाही.

आणि काका? काका तिला माफ करत राहिले. घरी आले की एकदा तरी म्हणायचे, "जाऊ द्या वहिनी, होतं असं." मोठ्या मनाचे होते. मला तेव्हा ते आवडायचं.

"हे बघ," छोट्या आता खुर्ची ओढून बसला. "जुने सिनेमे धुऊन-पुसून मोबाइलवर दाखवणारी एक कंपनी आहे. त्यांनी बाबांचा सिनेमा घेतला. सगळ्या चुका काढल्या. घड्याळ काढलं, शिंक काढली, दारांना वेगवेगळे रंग दिले. आणि रक्त अगदी शेवटपर्यंत जागच्या जागी! सोमवारी पक्कं होईल. मग ती जुनी रिळं कपाटात जातील आणि तो रविवारचा तमाशा बंद. करारच तसा आहे."

"तमाशा कसला?" मी म्हणाले. माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा वर गेला.

"तमाशा नाही तर काय, ताई? तिकीट काढून माझ्या बापाला हसतात!"

रविवारचं मला माहीत होतं. गावाच्या जुन्या भागात एक छोटं थिएटर आहे, खुर्च्यांच्या फाटक्या हातांना चिकटपट्ट्या लावलेलं. तिथे महिन्यातून एका रविवारी सकाळी 'अस्तर' लावतात. मी रंगाच्या कारखान्यात, शेड जुळवण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथली एक सहकारीण मला पहिल्यांदा तिथे ओढून घेऊन गेली, हा सिनेमा आमच्या घरातला आहे हे न कळता. शिंप्याने घड्याळ बघितलं की सगळं थिएटर ओरडतं, "पेशंट आलाय!" निळं दार दिसलं की पुढच्या रांगा एका सुरात, "कडी नीट लावा!" प्रेत शिंकलं की "बरं वाटतंय का?" मला संताप आला. उठून दिवे लावायला सांगावे असं वाटलं.

मग शेवटचा प्रसंग आला. सगळ्यांनी खिशातून पांढरे रुमाल काढले आणि डाग फिका होत गेला तसे हळूहळू वर धरले. कुणी बोललं नाही. शर्ट कोरा झाला तेव्हा टाळ्या पडल्या. शेजारची अनोळखी मुलगी डोळे पुसत म्हणाली, "हे ज्यांनी केलं ना, त्यांना एकदा भेटायचंय मला."

मी पुन्हा गेले. नंतर जातच राहिले. चांगल्या सिनेमात माणूस मरतो आणि आपण घाबरतो, तिथे आपलं काम संपतं. 'अस्तर'मध्ये मरतं कुणीच नाही. तिथे दिसतात ती काम करणारी माणसं: दवाखान्यातून धावत आलेले डॉक्टर, शिंक दाबणारी बाई, एकच शर्ट जपणारी नायिका, म्हणजे माझी काकू, छोट्याची आई. पैसे नाहीत, वेळ नाही, कला तर नाहीच, पण कुणीही अंग चोरलेलं नाही. थिएटरमधली माणसं त्यालाच हसायची, आणि त्यालाच टाळ्या वाजवायची.

हे छोट्याला कसं सांगणार? तो एकदाच गेला होता आणि मध्यंतरात निघून आला होता.

"काकू, येशील ना बघायला? शुक्रवारी दुपारी. आपल्यासाठी खास लावणार आहेत."

मला वाटलं आई नाही म्हणेल. आई म्हणाली, "शेवटपर्यंत टिकतं?"

"शेवटपर्यंत."

"येते मग."

तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याने मला वाईट वाटलं. इतकी वर्षं ती याची वाट बघत होती, आणि मला त्या दुरुस्तीचाच राग येत होता.

कंपनीची खोली थंडगार होती. काळ्या भिंती, एक मोठा मॉनिटर, चार खुर्च्या. सिनेमा दुरुस्त करणारा गृहस्थ अगदी नम्र होता. आईला त्याने स्वतः खुर्ची दिली. "मॅडम, अवघड काम होतं. एवढ्या चुका मी एका सिनेमात कधी पाहिल्या नाहीत," तो कौतुकाने म्हणाला.

घड्याळ नव्हतं. डॉक्टर रिकाम्या मनगटाकडे बघत होते, आता ते का बघतायत हे कुणालाही कळणार नव्हतं. दारं हिरवी, तपकिरी, पिवळी झाली होती, पण कडीखालचा ओरखडा सगळ्यांवर तसाच होता. छोट्या मान डोलवत होता. मी तळहात मांडीवर दाबून बसले होते.

शेवटचा प्रसंग आला. शर्टावर लाल डाग पसरला आणि तिथेच राहिला. तो लाल मी ओळखला. आमच्या शेडकार्डावर आहे, लोखंडी फाटकांना लावतात. नायिकेने श्वास घेतला की शर्ट हलत होता, डाग हलत नव्हता. शिंप्याचं भाषण संपलं. डाग जागच्या जागी.

"वा!" छोट्याने टाळी वाजवली. "काकू, बघितलंस?"

आई मॉनिटरकडे बघत होती. मग तिने बोट उचलून वरच्या डाव्या कोपऱ्याकडे केलं.

"दिवा कुठे गेला?"

"कुठला दिवा, मॅडम?"

"इथे दिव्याची काळी कड होती. या कोपऱ्यात."

"हां, ती!" तो गृहस्थ खुलला. "तीही काढली. तुमच्या लक्षात होती? कमाल आहे!"

"का काढलीत?"

"चूकच ना ती. चौकटीत दिवा येता कामा नये."

"कुणाला विचारून काढलीत?" आईचा आवाज वर्गातला झाला. तो आवाज मी फार वर्षांनी ऐकला. "रक्त का उडालं ते त्या दिव्याने कळतं. दिवा पुसला, रक्त थांबवलं. म्हणजे उत्तरही खोडलं आणि कारणही खोडलं! प्रयोगात चुकीचं उत्तर आलं तर आलं तसं लिहायचं असतं आणि का आलं ते खाली लिहायचं असतं. सातवीतल्या मुलांना कळतं हे."

"काकू, सिनेमा आहे हा. प्रयोग नाही," छोट्या म्हणाला.

"माझा प्रयोग होता. मी टेबलावर बघितलं तेव्हा तो रंग टिकत होता. ऊन पडलं तर लवकर जातो, गरम केला तर त्याहून लवकर. भाऊजींना मी सांगितलं होतं, दिवे लांब ठेवा. त्या दिवशी मला शाळा होती, मी नव्हते तिथे. पहिल्या खेळाला पडद्यावर ती कड बघितली आणि मला कळलं. दिवा जवळ घेतलाय. हात-दीड हातावर. त्या धगीत अमोनिया थांबेल कशाला?"



"म्हणजे चूक बाबांची?" छोट्याचा चेहरा लाल झाला. "आता ते नाहीत, तर त्यांच्यावर ढकलायचं? ते तुला कधी एक शब्द बोलले नाहीत!"

"नाही ना बोलले! मरेपर्यंत मला माफ करत होते!" आई उभी राहिली. "मी काही केलेलंच नाही, आणि एक माणूस घरी येऊन चहा पिऊन मला माफ करून जातो. किती वर्षं? आणि मी कप विसळते!"

मला हसू आलं आणि लगेच आवरावं लागलं, कारण आईचे डोळे भरले होते.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"त्यांचा हात बघितला होता मी." ती छोट्याकडे वळली. "तुझ्या बाबांचा उजवा तळवा भाजला होता, आठवतं?"

"किटलीने. किटलीने भाजला होता," छोट्या म्हणाला.

"किटलीने तळवाभर भाजतं होय? दिव्याचा स्टँड मोडला असणार. तो दिवा हातात धरला होता त्यांनी. भाषण संपेपर्यंत. कडेपलीकडे फडकं गुंडाळलेला हात दिसतो. त्या हाताला मी काय सांगणार होते, तुमच्यामुळे माझं नाव गेलं म्हणून?"

दुरुस्ती करणाऱ्याने मूळ दृश्य मॉनिटरवर आणलं. कड होती. हात नव्हता. तो चाचरत म्हणाला, "मोबाइलच्या आकारात बसवताना बाजू थोड्या कापाव्या लागतात, मॅडम. हे कापलेलंच आहे."

"मग ज्यात कापलेलं नाही त्यात बघू," आई म्हणाली. "छोट्या, परवा रविवारी थिएटरात खेळ आहे, तिथे ये. आणि तुम्ही, सोमवारी काय ते पक्कं कराल. पण हा डाग तसाच राहणार असेल तर शेवटच्या नावांमधलं माझं नाव काढा. 'रक्त' म्हणून जे नाव लिहिलंय ना, ते. हे रक्त माझं नाही. मी असलं काम करत नाही."

छोट्या निघून गेला. त्याने आम्हाला घरी सोडायचं कबूल केलं होतं.

रविवारी आई माझ्या आधी तयार होती. थिएटरात पाऊल टाकताच तिने चिकटपट्टीवर बोट फिरवून बघितलं, बसली, पर्स मांडीवर घेतली. मी मागे वळून पाहिलं. छोट्या शेवटच्या रांगेत दाराशी बसला होता, हाताची घडी घालून, कधीही उठून जाता यावं असा.

पहिल्यांदा "पेशंट आलाय!" झालं तेव्हा आई दचकली. दुसऱ्यांदा तिने ओठ आवळले. तिसऱ्यांदा म्हणाली, "खरंच यायचे हो पेशंट. एकदा अर्धी दाढ काढून आले होते." प्रेत शिंकल्यावर तर ती मोठ्याने म्हणाली, "वर ढीगभर धूळ होती तिथे, झाडायला सांगितलं होतं," आणि पुढच्या रांगेतल्या दोघी मागे वळल्या.

शेवटचा प्रसंग सुरू झाला. डाग पसरला. गुलाबी, राणी कलरचा, शोभेचा. रुमाल वर गेले. आईने आजूबाजूला बघितलं. एवढे पांढरे रुमाल वर धरून बसलेले लोक तिला समजेनात.

"हे काय?"

मागच्या रांगेतली मुलगी पुढे वाकून कुजबुजली, "आजी, ती मुळात भूत आहे. आधीच मेलेली असते. म्हणून रक्त राहत नाही. फार खोल सिनेमा आहे हा."

"भूत?" आई गर्रकन वळली. "भूत कुठलं? अमोनिया आहे तो! दिव्याने उडाला. डावीकडे वर बघ. कोपऱ्यात. रुमाल खाली करा जरा, दिसू द्या!"

रुमाल खाली आले. पडद्यावर शिंपी बाहीचं माप सांगत होता, आणि वरच्या कोपऱ्यात काळी कड होती. त्याची पुढची दोन वाक्यं होईपर्यंत दुसरं काहीच दिसलं नाही. आई पुढे वाकली. मी बघितलं, तिचा हात पर्सवर घट्ट झाला होता. तेव्हाची आठवण चुकीची असेल तर काय, हे तिच्याही मनात आलं असणार. मग कड थरथरली, जरा खाली आली, आणि मागे एक मूठ दिसली, गडद फडक्यात गुंडाळलेली. फडक्याच्या टोकातून अंगठा बाहेर. कड घसरली की मूठ ती सावरत होती. पुन्हा घसरायची, पुन्हा सावरत होती.

"हात!" पुढून कुणीतरी ओरडलं. "हात आहे तिथे!"

"कुणाचा?"

"इतक्या वेळा बघितला, कधी दिसला कसा नाही?"

"शर्टाकडेच बघत होतो ना सगळे!"

आणि दाराजवळून एक भसाडा, रागावलेला आवाज आला. "माझ्या बाबांचा आहे तो! सोडत का नाहीत? भाजतंय की त्यांना!"

मग ज्या टाळ्या पडल्या त्या मी तिथे आधी कधी ऐकल्या नव्हत्या. शर्ट कधीच कोरा झाला होता, त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही. शिंप्याचं भाषण संपेपर्यंत सगळे त्या मुठीकडे बघत होते. एकदा ती इतकी खाली आली की लोकांनी "धरा, धरा!" म्हणून ओरडायला सुरुवात केली.

बाहेर जिन्याशी छोट्या फोनवर होता. "रक्त होतं तसं. कोपऱ्यातला दिवाही होता तसा. बाजू कापायच्या नाहीत... बसत नसेल मोबाइलमध्ये तर वर-खाली काळं ठेवा. घड्याळ? तेही परत. मी सांगतोय ना! आणि रविवारचा खेळ चालू राहणार, ते करारात बदला, नाहीतर रिळं माझी आहेत." त्याने फोन खिशात टाकला आणि आईकडे न बघता म्हणाला, "काकू, चल. सोडतो घरी."

"परवा सोडणार होतास," आई म्हणाली.

"चुकलं."

"कारण सांग. चूक मला दिसतेय."

"राग आला होता गं." तो आता तिच्याकडे बघत होता. "अजूनही आलाय. कुणावर ते कळत नाही."

मागची मुलगी जिना उतरत आमच्याजवळ आली. तिच्याबरोबर चारपाच जण होते. "आजी, तुम्हीच का त्या? रक्तवाल्या?" तिने विचारलं. आईने चष्मा नाकावर नीट केला. "पुढच्या वेळी आम्ही सगळे त्या प्रसंगात 'दिवा! दिवा!' असं ओरडणार आहोत."

"दिवा कशाला?" आई चिडून म्हणाली. "दिवा तर लागतोच. अंतर चुकलं. अंतर म्हणा."